गाडी अपघाताच्या मागे की पुढे?

कोल्हापूरजवळच्या उचगाव-कागल पट्ट्यात महामार्गावर अपघात झाला, तर १०८ची रुग्णवाहिका उभी कुठं करायची? मागे, म्हणजे येणाऱ्या वाहनांच्या बाजूला, तिरकी लावली तर कर्मचाऱ्यांना आडोसा मिळतो. पण मागचं दार उघडतं ते वाहतुकीकडे. स्ट्रेचर चढवणाऱ्याची पाठ उघडी. त्यात गळिताचा हंगाम असला, तर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली चुकवताना ट्रक कुठं वळेल, नेम नाही. (बघ्यांच्या मोटारसायकली वेगळ्याच!)

पुढे लावली तर दार अपघाताकडे, पेशंट चढवणं सोपं; मात्र मागून आडोसा नाही. अग्निशमनची जड गाडी मागे असेल, तर पुढेच लावावी. एकटेच असाल तर मागे, पुढची चाकं माणसांच्या उलट दिशेला वळवून. चमकतं जॅकेट दोन्हीकडे हवंच.