गुडघे दुखायचे थांबले, तेव्हाच कळायला हवं होतं

20,940 रुपये एका भुकटीवर घालवले. पहिल्यांदा 11,640 आणि दुसऱ्यांदा 9,300. दुसऱ्यांदा तर मी माझ्या पायांनी गेले, कुणी ओढून नेलं नव्हतं. लिहिताना अजून कानशिलं तापतात.

मला सीओपीडी आहे, म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट दम लागण्याचा आजार. विडीला कधी हात लावला नाही, पण 22 वर्षं खानावळ चालवली, त्यातली 15 लाकडाच्या चुलीवर. त्याआधी माहेरी भाजावळीचा, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायचा, धूर होताच. डॉक्टरांनी मशीनमध्ये फुंकायला लावून तपासलं आणि स्पष्ट सांगितलं होतं, फुफ्फुसातल्या नळ्या आकसल्यात, कफ साचून राहतो, म्हणून जंतू घर करतात. हा आजार जात नाही, सांभाळायचा असतो. हे मला पाठ होतं. तरी फसले.

त्या वर्षी श्रावणापर्यंत तीनदा छातीत इन्फेक्शन झालं होतं. पांढरा कफ पिवळा, पिवळ्याचा हिरवा, मग अँटिबायोटिक, मग पंधरा दिवस अंगात त्राण नाही. जरा उभी राहिले की पुन्हा तेच. पावसात आमच्या भिंतींना बुरशी धरते, कपडे वाळत नाहीत. नवरा पहाटे बंदरावर, मुलगा नालासोपाऱ्याला. रात्र रात्र उशांना टेकून बसून काढायची. ज्याने अशी एकसुद्धा रात्र काढली नाही, त्याने मला शहाणपण शिकवू नये.

एसटी स्टँडवर पायरी चढून मी धापा टाकत खांबाला धरून उभी होते. पन्नाशीचा एक माणूस जवळ आला. "काकी, पंप किती वर्षं घेता?" (पंप म्हणजे औषध छातीत ओढायचा इनहेलर.) मग त्याच्या आईची गोष्ट. तिलाही हेच होतं, आता विहिरीचं पाणी काढते वगैरे. पुढे नेहमीचंच. त्याच्या ओळखीचं जडीबुटीचं दुकान, "माझं नाव सांगा" म्हणणं, बरण्यांच्या रांगा.

"साडेचारशे" असं दुकानदार म्हणाला. मला वाटलं पुडीचे. ते तोळ्याचे होते, आणि तेही पाच जिनसांतल्या एकाच जिनसाचे. बोलता बोलता त्याने सगळं खलात टाकून कुटलं आणि मग चिठ्ठीवर आकडा लिहिला, 11,640. "कुटलेलं परत घेता येत नाही, ताई." बांगड्याच्या वाट्यात एक कमी असला तर मी कोळणीला परत बोलावणारी बाई. तिथे माझी जीभ उचलली नाही. पर्समधले 6,200 रोख दिले, उरलेले 5,440 फोनवरून. भाव विचारताना "कशाचे" हे आधी विचारा, आणि कुटायला घेतलं की तिथून चालायला लागा. पैसे दिले नाहीत म्हणून कुणी पकडून ठेवू शकत नाही.

वर त्याने सांगितलं, पंप बंद करा, पंपाने फुफ्फुस सुकतं. मी केला. महिन्याचे 540 वाचतील, असाही विचार मनात आला, खोटं कशाला सांगू?

आणि भुकटीने गुण आला! तिसऱ्या दिवशी दम कमी. भूक लागायला लागली. आठ वर्षं दुखणारे गुडघे दुखायचे थांबले. गणपतीत मी 51 मोदक वळले, पाटावर बसून, एकटीने.

इथेच मी थांबायला हवं होतं. छातीचं औषध गुडघ्याला कसं लागू पडतं? एवढा एक प्रश्न. मला तो पडला नाही असं नाही, पडला आणि मी बाजूला सारला, कारण बरं वाटत होतं. शेजारीण म्हणाली, "वयनी, औषद बरा मानावला गो तुका, तोंडार तेज इला." ते तेज नव्हतं, सूज होती. गाल गोल झाले होते, बांगड्या हातात रुतत होत्या. आरशात रोज बघत होते.

दसऱ्याला जाऊन 9,300 ची दुसरी पुडी आणली. दिवाळीच्या आधी ती संपत आली. दुकानाला कुलूप, फोन बंद. औषध तुटल्यावर चौथ्या दिवशी उलट्या, उठता येईना, शुद्ध हरपत होती. ताप मात्र फारसा नाही, म्हणून घरच्यांनी पित्त समजून एक दिवस घालवला. दवाखान्यात नेलं तेव्हा न्यूमोनिया, साखर 340, रक्तदाब खाली. मला आधी मधुमेह नव्हता. सात दिवस, 63,850 रुपये.

डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं, "कुठली भुकटी घेत होता?" सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तळाला गेलेलं. भुकटीत स्टिरॉइड असणार, त्यानेच गुडघे थांबले, तोंड सुजलं, साखर चढली, असं ते म्हणाले. ते बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, मग अचानक तोडलं की माणूस कोसळतो. आणि घेत असताना जंतूंना रान मोकळं, तापसुद्धा दबतो. टीबी जागा झाला नाही ना, म्हणून कफही तपासला. नव्हता, देवाची कृपा. पंपातही स्टिरॉइड असतं, पण मायक्रोग्रॅममध्ये आणि ते थेट छातीत जातं. ज्या पंपाला मी भ्याले त्याच्या कित्येक पट मी चमच्याने खात होते. तुमच्यापैकी कुणी अशी भुकटी घेत असेल तर घाबरून एकदम बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात मला म्हणाले, "मावशी, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, औषध तुम्ही खाल्लंत, मग फसवणूक कसली?" पावती मागितली. चिठ्ठी दाखवली तर त्यावर दुकानाचं नाव नाही. नावाशिवाय पावती देतो म्हणूनच तो चोर ना? तिथून मला औषधाच्या कचेरीत पाठवलं. तासाभराचा प्रवास, साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला साहेब भेटले. मी आणलेली भुकटी चालत नाही म्हणाले, नमुना त्यांच्या माणसाने दुकानातून घ्यायला हवा. मग घ्या! तर दुकान बंद आहे, ते उघडलं की कळवा. म्हणजे नाकाला नळी लावून घरी आलेल्या बाईने कुलपावर पहारा ठेवायचा? तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच द्यायला कारकून तयार नव्हता. मी बाकावर बसून राहिले, खोकत, अडीच वाजेपर्यंत, तेव्हा शिक्का मिळाला. ज्या खात्यावर 5,440 गेले ते कुणाचं आहे, हे शोधायला कितीसा वेळ लागतो? ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी तीन महिन्यांनी हलले, ती माझी चूक.

पुडीवर परवाना नंबर, बॅच नंबर, तारीख नसेल तर आयुर्वेदिक म्हणून हातात घेऊ नका. कफाचा रंग बदलला, दम वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची वेगळी, दोन्हीबद्दल विचारा. मी दोन्ही आता घेतल्या. पंप स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावून ओढते आणि नंतर चूळ भरते.

दसऱ्याच्या पुडीतली शेवटची चमचाभर भुकटी उरली आहे. बरणीत घालून, वर तारीख लिहून देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवली आहे. नवरा म्हणतो टाक. मी टाकणार नाही.