बाळंतपणानंतर पोटातली फट: पट्टा, व्यायाम की ऑपरेशन?

धाकट्याच्या वेळी, दीड महिना झाला असेल, पलंगावरून उठताना बेंबीच्या वर पोटाच्या मधोमध एक उभा उंचवटा आलेला दिसला. आडवी झाले की गायब, उठायला लागले की हजर. आईचा निकाल तयार होता: "पोट नीट बांधून घेतलं नाहीस, वारा भरला."

वारा नव्हता. पोटाच्या पुढच्या बाजूला स्नायूंच्या दोन उभ्या पट्ट्या असतात आणि त्यांना मधोमध एक चिवट पांढरी शीर (रक्ताची नव्हे, तंतूंची पट्टी) जोडते. गर्भ वाढतो तशी ही शीर ताणून रुंद होते आणि दोन्ही स्नायूंमध्ये फट पडते. शेवटच्या महिन्यांत ते जवळजवळ सगळ्याच जणींचं होतं. नंतर कुणाची लवकर आवरते, कुणाची रेंगाळते. डॉक्टर त्याला डायास्टॅसिस रेक्टाय म्हणतात. नॉर्वेत 300 पहिलटकरणींची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. सहा आठवड्यांनी 60 टक्के जणींना फट होती, वर्षानं साधारण 33 टक्के. आणि फट असलेल्यांची कंबर-ओटीपोट इतरांपेक्षा जास्त दुखत होतं असंही दिसलं नाही. तेव्हा बाळंतपणानंतरच्या प्रत्येक दुखण्याचं खापर या फटीवर फोडू नका.

घरी बघायचं तर उताणं झोपा, गुडघे वाकवा, बेंबीवर बोटं आडवी ठेवा आणि डोकं जरासं उचला. दोनपेक्षा जास्त बोटं बसली तर फट आहे असं धरतात. पण माझ्या मते बोटं किती बसली यापेक्षा ती कुठवर रुतली ते महत्त्वाचं. तळाशी ताठ काही लागतं, की भिजवलेल्या कणकेत बोट जावं तसं आत जातं? अडीच बोटांची फट असून पाण्याची बादली सहज उचलणाऱ्या बायका आहेत.

आता तीन वाटा. पट्टा आपल्याकडे सगळ्यात जुना: सव्वा महिना शेक, मालीश आणि जुन्या सुती लुगड्याची घट्ट पट्टी. त्याला हसू नये. सिझर झालेलं असेल तर टाके दुखत असताना उठायला-बसायला, खोकायला त्याचा खरंच आधार वाटतो, आणि लुळ्या पडलेल्या पोटाला कुणीतरी धरलंय असं वाटणं हेही काही कमी नाही. पण पट्टा स्नायूला ताकद देत नाही. काढला की पोट जिथल्या तिथे. फार आवळला तर दाब खाली, ओटीपोटाच्या तळाकडे जातो. शिंकताना लघवीचे थेंब येत असतील तर तो आवळून बांधू नका. श्वास मोकळा घेता येईल इतपत, पहिले काही आठवडे, दिवसा. रात्री सोडून ठेवायचा.

व्यायामाची वाट रटाळ आहे, आणि मी तीच धरली. सुरुवात इतकी साधी की फसवल्यासारखं वाटतं: श्वास सोडताना ओटीपोट हलकेच आत घ्यायचं आणि लघवी रोखताना जे आवळतो ते वर ओढायचं. मग झोपून एकेक टाच सरकवणं, मग हातागुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं. नियम एकच: करताना मधोमध उंचवटा आला की तो प्रकार आज तुमच्यासाठी जड आहे. पलंगावरून उठतानाही सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हाताच्या आधारानं उठायचं.

क्रंचेस, म्हणजे उताणं झोपून डोकं-खांदे उचलण्याचे व्यायाम, कायमचे बंद, असं मला सगळ्यांनी बजावलं होतं. पण नॉर्वेतल्याच 2023 च्या एका प्रयोगात, बाळंतपणाला सहा ते बारा महिने झालेल्या 70 बायकांपैकी निम्म्या जणींकडून 12 आठवडे तसलेच व्यायाम करून घेतले. फट वाढली नाही, ताकद वाढली. फट कमीही झाली नाही, हे जाहिरातींत सांगत नाहीत. व्यायामानं जोर परत येतो. फट मिटेलच असं वचन कुणी दिलं तर सावध राहा.

ऑपरेशनमध्ये ताणलेली शीर दुमडून दोन्ही स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, बहुधा सैल कातडीही काढतात. फट मिटवण्याची खात्रीची वाट हीच. पण पूर्ण भूल, ओटीपोटावर आडवा लांब व्रण, आणि साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही. म्हणजे दीड वर्षाचं मूल कडेवर नाही. ते घरात कोण घेणार हे आधी ठरवा. खासगीत खर्च लाखांत जातो आणि विमा कंपन्या बहुधा सौंदर्योपचार म्हणून हात वर करतात. पुढं मूल हवं असेल तर थांबाच. पुढच्या गरोदरपणात तीच शीर पुन्हा ताणली जाते. बेंबीजवळ हर्निया असेल तर मात्र हिशोब वेगळा, तो सर्जनलाच दाखवावा लागतो. आणि तिथली गाठ कडक झाली, दुखायला लागली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.

माझं मत विचाराल तर पहिल्या दोन महिन्यांत ऑपरेशनचा विचारही नको; शरीर तेव्हा स्वतःच सर्वांत जास्त आवरतं. पट्टा आवडत असेल तर बांधा, पण त्याच्या जोडीला श्वासाचा व्यायाम हवा. सहाव्या-आठव्या आठवड्याला बाळंतिणींचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट गाठा आणि किमान तीन महिने द्या. वर्षभर इमानानं करूनही पोटात जोर नाही, मूल उचलताना पोट सुटल्यासारखं होतं आणि आणखी मूल नको आहे, अशा वेळी सर्जनकडे जाण्यात कमीपणा नाही. फिजिओथेरपिस्ट निवडताना एक बघा: पहिल्याच भेटीत पोटाला हातही न लावता तिनं छापील व्यायामांचा कागद पुढं केला, तर दुसरी शोधा.