भाड्याच्या घरात भाजी लावायची: कुंडी, ग्रो बॅग की क्रेट?

करार 11 महिन्यांचा, बाल्कनी चार पावलांची आणि घरमालकाची पहिली अट, "भिंतीला खिळा ठोकायचा नाही." अशा घरात खायची भाजी लावावी का? माझं उत्तर ठाम "हो" आहे. मात्र स्वतःच्या घरातल्या बागेचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. पुण्या-मुंबईतल्या भाडेकरूने काहीही विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: या बाल्कनीत कोणत्या महिन्यात किती ऊन येतं, आणि घर सोडायच्या दिवशी या सामानाचं काय करायचं.

बाल्कनीची दिशा

घर बहुतेक वेळा मे महिन्यात बघितलं जातं आणि इथेच फसगत होते. आपल्याकडे मे ते जुलै सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, उगवतो आणि मावळतो तोही उत्तरेकडे सरकून. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत वरच्या स्लॅबची सावली पडते आणि ती अंधारी वाटते. दसऱ्यानंतर तीच बाल्कनी उजळते. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला खाली झुकलेला असतो आणि ऊन पार आतल्या दारापर्यंत येतं. टोमॅटो, मिरची, वांगी यांना हाच काळ मानवतो. म्हणून हिवाळी भाजीसाठी दक्षिणेची बाल्कनी पहिली.

पूर्वेची बाल्कनी मात्र बाराही महिने भरवशाची. सकाळचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन पालेभाजीला पुरतं. पश्चिमेला उन्हाळ्यात दुपारचं ऊन इतकं तापतं की शेडनेट, म्हणजे ऊन अडवणारी जाळी, लावल्याशिवाय मेथी तग धरत नाही. तिथे मिरची आणि माठ लावावा. उत्तरेला हिवाळ्यात थेट ऊन येतच नाही. तिथे फळभाजीचा नाद सोडून अळू, पुदिना आणि पानओवा लावा.

दोन घरांत निवड अडली असेल आणि भाडं सारखंच असेल, तर मी पूर्वेचं घेईन.

कशात लावायचं?

मातीची कुंडी दिसायला देखणी आणि रोपालाही सुखाची. तिच्या अंगातून पाणी झिरपतं, त्यामुळे एप्रिलमध्येही मुळं थंड राहतात. पण 12 इंची कुंडी रिकामीच पाच-सहा किलोची, भरून भिजली की एकट्याने उचलवत नाही, आणि टेम्पोत तिला तडा जातोच. भाड्याच्या घरात अशी एखादीच असावी, कढीपत्त्यासाठी.

ग्रो बॅग म्हणजे रोपं लावायची पिशवी. स्वस्त, हलकी, रिकामी झाली की घडी करून कपाटात जाते. 12 बाय 12 इंचाच्या बॅगेत साधारण 22 लिटर माती मावते. एका टोमॅटोला किंवा वांग्याला ती पुरते. तिची खरी अडचण तळाशी आहे. भोकांतून झिरपणाऱ्या पाण्याने फरशीवर तांबूस डाग पडतात आणि घर सोडताना तेच डिपॉझिटमधून कापले जातात. खाली विटा आणि ट्रे हवाच. पावसाळ्यात मात्र ट्रे काढून ठेवा, कारण साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. आणि कडेचे बंद भरवशाचे नसतात. भिजलेली बॅग नेहमी तळाला हात घालून उचलावी.

माझी पसंती भाजीबाजारातल्या प्लास्टिकच्या क्रेटला. पावणेदोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दोन्ही बाजूंना धरायला खाचा. आत जुनी सुती साडी किंवा गोणपाट अंथरायचं आणि सहा-सात इंच माती भरायची. पालेभाजीला तेवढी खोली पुरते. दोन माणसं सहज उचलतात, आणि भाजी काढून झाली की क्रेट एकावर एक रचून नेता येतात. कुंडीत मेथी पेरली तर फोडणीपुरती निघते. क्रेटमध्ये पेरली तर जुडीभर.

20 लिटरचे रिकामे डबेही चांगले. फक्त भिंतीच्या रंगाचे, म्हणजे पेंटचे, घेऊ नका. खाद्यतेलाचे किंवा लोणच्याचे घ्या, तळाला पाच-सहा भोकं पाडा. कडी असल्यामुळे न्यायला सगळ्यात सोपे.

आत काय भरायचं?

निव्वळ लाल माती भरली तर वजन वाढतं आणि दोन महिन्यांत ती दगडासारखी घट्ट होते. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्याची 5 किलोची वीट भिजवली की फुलून 60-70 लिटर होते; जिना चढवायला याहून सोपं काही नाही. पण कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळपास नसतं. एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड, हे मिश्रण सर्वांत निर्धोक.

याहून स्वस्त वाट पालापाचोळ्याची आहे. शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या 'प्रयोग परिवारा'चे श्री. अ. दाभोलकर यांनी पाला कुजवून माती घडवण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजवली, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर भाजी-फळं पिकवून दाखवली. भाडेकरूला ही वाट दुहेरी फायद्याची: माती हलकी होते आणि घर सोडताना टाकून द्यावी लागली तरी खिशाला झळ बसत नाही. अडचण वेळेची. पाला कुजायला तीन-चार महिने लागतात, म्हणजे पहिलं पीक तरी विकतच्या मिश्रणावरच घ्यावं.

ऋतू आणि करार यांचा मेळ

दसरा ते संक्रांत हा सोन्याचा काळ. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात ताटात येते. कोथिंबिरीसाठी धणे चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायचे, रात्रभर भिजवायचे आणि पेरून वर पातळ माती भुरभुरायची. उगवायला आठ-दहा दिवस लागतात; चौथ्या दिवशी निराश होऊन माती उकरू नका. पालक मुळासकट उपटू नये. बुडापासून दोन बोटं वर कापला की पुन्हा फुटतो, असे तीन तरी तोडे मिळतात.

उन्हाळ्यात कोथिंबीर आणि पालक लगेच फुलोऱ्यावर येतात, त्यांच्या मागे लागू नये. लाल माठ आणि राजगिरा या उन्हातही वाढतात. पाणी सकाळ-संध्याकाळ लागतं, त्यामुळे मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जाणार असाल तर एप्रिलमध्ये नवीन काही पेरू नका.

पावसाळ्यात अंबाडी, चवळी, अळू. धो-धो पावसाखाली मेथीची रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. पेरायचीच तर छताखाली. दोडका आणि कारलं जाळीवर छान चढतात, पण उंच मजल्यावर मधमाशा कमी येतात. मग परागीभवन हाताने करावं लागतं: पाकळ्यांमागे देठाशी इवलंसं फळ असलेलं फूल मादी, नराचं फूल तोडून त्याचा केसर तिच्या मधोमध टेकवायचा. कारल्यासाठी हे काम सकाळी, दोडक्यासाठी संध्याकाळी, कारण दोडक्याचं फूल दिवस कलल्यावर उमलतं. भेंडी मोहात पाडते, पण चौघांची भाजी एका तोड्यात हवी तर आठ-दहा झाडं लागतात. दोन झाडं लावली तर रोज एक-दोन भेंड्या, आणि बेत जमेपर्यंत आधीच्या निबर.

करार मेमध्ये संपत असेल तर तुम्ही नशीबवान: हिवाळ्याचं सगळं पीक खाऊन होतं. डिसेंबरमध्ये संपत असेल तर टोमॅटो ऑगस्टअखेरीला लावा. रोप लावल्यापासून पहिलं फळ पिकायला दोन-अडीच महिने जातात; ऑक्टोबरमध्ये लावलेला टोमॅटो हिरवा असतानाच टेम्पोत चढेल. कलमी लिंबाला फळ धरायला दोन-तीन वर्षं लागतात. 11 महिन्यांच्या घरात तो लावायचा असेल तर तो पुढच्या घरीही न्यायचा, हे पक्कं ठरवूनच.

विचारायचं कोणाला?

बाल्कनीच्या आत क्रेट ठेवायला सहसा कोणी हरकत घेत नाही, तरी घरमालकाला मेसेज करून ठेवा आणि पहिल्याच दिवशी फरशीचे फोटो काढा. गच्ची सोसायटीची असते. तिथे लेखी परवानगीशिवाय एक डबाही चढवू नका. कठड्याबाहेर किंवा खिडकीच्या जाळीवर कुंडी ठेवायचा विचारच नको, खाली माणसं चालतात.

घर बदलायच्या आठवड्यात पालेभाजी सगळी कापून घ्या आणि दोन दिवस आधी पाणी थांबवा. वजन बरंच उतरतं. मिरची आणि वांग्याच्या फांद्या सुतळीने सैल बांधा, क्रेट टेम्पोत सर्वांत शेवटी चढवा म्हणजे नव्या घरी सर्वांत आधी उतरतील. आणि तिथे गेल्यावर त्यांना चार दिवस सावलीत ठेवा.