दिल्ली-आग्रा-जयपूर: एकट्याने जाणाऱ्यांसाठी छोट्या ग्रुपची टूर

एकट्याने जाणाऱ्याला अशी टूर नक्की मानवते, पण बुकिंगआधी जाहिरातीतला दर सोडून आधी ‘सिंगल सप्लिमेंट’ विचारा. स्वतंत्र खोलीसाठीचा हा जादा चार्ज एकूण खर्च बराच वाढवतो. रूम शेअरिंगची सोय असेल तर तो वाचतो.

ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो. आग्र्याचा मुक्काम गुरुवारी रात्री येत असेल, तर सूर्योदयाचा ताज हुकलाच. मुख्य मकबऱ्याचं २०० रुपयांचं वेगळं तिकीट पॅकेजमध्ये धरलंय का, हेही लेखी घ्या.

आग्रा-जयपूर रस्ता सुमारे २४० किलोमीटर. वाटेत फत्तेपूर सीक्री आणि आभानेरीची चांद बावडी (पायऱ्यांची प्राचीन विहीर) दोन्ही हवीत. एकच थांबा देणारी टूर अपुरी. जयपुरात मात्र हस्तकलेच्या ‘शोरूम’मध्ये दुपार जाते, टूरवाल्यांच्या कमिशनसाठी. तो वेळ आमेर किल्ल्याला मागून घ्या.