खिशात मावतो, पण 'सेट' त्यात मावत नाही

अप्पा बळवंत चौकातून नातीसाठी १८० रुपयांचा इंग्रजी-मराठी खिसाकोश आणला. टाइप ठसठशीत, उच्चार देवनागरीत, माझ्या चष्म्यालाही सोसतो. बांधणी मात्र कच्ची. 'एस'ची पानं आठवड्यात हातात आली.

खरी रड अर्थांची. 'सेट'ला चारच अर्थ: ठेवणे, बसवणे, संच, मावळणे. उदाहरणवाक्य एकही नाही. 'जेली अजून सेट झालेली नाही' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचं नातीनं भाषांतर केलं, 'जेली अजून मावळलेली नाही'. बाईंनी समासात लाल प्रश्नचिन्ह काढलं. पोरीची काय चूक? सूर्याचा अर्थ जेलीला लावला, एवढंच.

ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत एकट्या 'सेट' क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. तेवढे खिशात कोण मागतंय? पण आमच्याच घरात दही सेट होतं, केस सेट होतात, गजर सेट होतो, आणि सून सेटला बसलीय (ती प्राध्यापकीची परीक्षा, तिचा या शब्दाशी संबंध नाही). निदान 'घट्ट होणे, विरजणे' तरी द्यायचं!

दोन तारे. तेही उच्चारांचे.