फॅमिलीसर्च : बुटांच्या खोक्यात जगलेल्या बाळाची गोष्ट पडताळायची असेल तर

अमेरिकेच्या खेड्यांतून आलेल्या कितीतरी घराण्यांत ही गोष्ट सांगतात. पणजोबा सातमाशी जन्मले, मुठीएवढे होते. कापसात गुंडाळून बुटांच्या खोक्यात घातले आणि लाकडावरच्या स्टोव्हच्या उघड्या ओव्हनपाशी ठेवले. वडिलांची अंगठी त्यांच्या मनगटातून वर सरकायची. सून किंवा जावई तिकडचा असला की मराठी घरांतल्या नातवंडांच्या वंशावळीतही ही गोष्ट येते. त्यातला उपाय अगदी शहाणपणाचा होता. दिवस न भरलेल्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, त्यामुळे ऊब टिकत नाही. न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणी मार्टिन कूनी यांनी १९०३पासून इन्क्युबेटरमध्ये अशी बाळं जगवली. शेतावरच्या घरात ते काम ओव्हनवर सोपवलेलं असे, आणि लाकूड विझू नये म्हणून रात्रभर कुणीतरी जागायचं.

ही गोष्ट कागदावर तपासायला फॅमिलीसर्च या जुन्या नोंदींच्या संकेतस्थळाइतकी चांगली मोफत सेवा दुसरी नाही. लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन, चर्च ती चालवतं. खातं उघडायला पैसे लागत नाहीत, धर्माची अट नाही.

शोध बाळाच्या नावाने सुरू करू नका. तान्ह्या मुलाचं नाव कधी ठरलेलंच नसतं, कधी नुसतं ‘बेबी’ लिहिलेलं असतं. आईवडिलांची नावं, राज्य आणि दोन-तीन वर्षं मागेपुढे घालून १९००ची जनगणना उघडा. मग सूचीतली, म्हणजे मूळ पानावरून उतरवून घेतलेली, माहिती बाजूला ठेवून मूळ पानाची प्रतिमाच बघा. त्या वर्षीच्या तक्त्यात जन्माचा महिना आणि साल आहे, लग्नाला किती वर्षं झाली तेही आहे. शिवाय आईला एकूण मुलं किती झाली आणि त्यातली हयात किती, असे दोन रकाने आहेत. तिथे ७ आणि ४ असे आकडे दिसले की घरातली तीन मुलं गेली होती हे कळतं. खोक्यातलं बाळ पणजोबा नसून त्या तिघांपैकीही असू शकतं. १९१०मध्ये हेच दोन रकाने पुन्हा आहेत, तेव्हा दोन्ही वर्षं शेजारी ठेवून फरक काढा.

सूची सगळ्यात जास्त फसते ती वयात. वर्षाच्या आतल्या बाळाचं वय जनगणनेत ४/१२ असं, म्हणजे चार महिने, लिहीत. सूची करताना त्याचे सरळ चार वर्षं होतात आणि बाळ थोरल्या भावंडांत जाऊन बसतं. १८९०च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१च्या आगीत आणि त्यानंतर नष्ट झाले. म्हणून १८८०च्या मोजणीनंतर जन्मून १९००च्या आधी गेलेलं मूल राष्ट्रीय मोजणीत सहसा सापडत नाही.

जन्मदाखल्याची आशाही बेताचीच ठेवा. जन्मनोंदणीचं राष्ट्रीय क्षेत्र, म्हणजे राज्यांच्या जन्मनोंदी देशपातळीवर एकत्र करण्याची व्यवस्था, १९१५मध्ये सुरू झालं आणि सगळी राज्यं त्यात यायला १९३३ उजाडलं. त्याआधीच्यांचे मिळतात ते बरेचदा उशिरा काढलेले दाखले. सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेसाठी किंवा युद्धकाळातल्या कारखान्यातल्या नोकरीसाठी, नातेवाइकाच्या शपथपत्रावर किंवा घरच्या बायबलातल्या नोंदीवर काढलेले. तारखेला ते उपयोगी, पण तीही आठवणीतली असू शकते.

काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, लग्ननोंदी मात्र जरूर बघा, फॅमिलीसर्चवर त्या भरपूर आहेत. लग्नाला सात महिने होतात तोच पहिलं मूल झालं असेल, तर ‘सातमाशी’चा दुसरा अर्थही शक्य आहे. तसं असेल तर तो लिहून ठेवा, त्या आईला नावं ठेवू नका.

या सेवेचा खरा दोष तिच्या सामाईक वंशवृक्षात आहे. झाड सगळ्यांचं एकच, आणि कुणीही त्यात बदल करू शकतो. गेलेल्या बाळाचं नाव पुढच्या मुलाला देण्याची चाल तेव्हा सर्रास होती. नाव तेच, आईबाप तेच, जन्मात दोन वर्षांचं अंतर. असे दोन भाऊ कुणीतरी घाईत एकत्र करून टाकतं. मग मेलेल्या भावाचं आजारपण जगलेल्याच्या नावावर जमा होतं, आणि एक मूल वंशावळीतून पुसलं जातं. हे फार वाईट होतं, कारण त्या मुलाचा एवढाच मागमूस उरलेला असतो. म्हणून दोघांची पानं वेगळी ठेवा. एकत्र करायची सूचना आली तर ‘जुळत नाही’ निवडून कारण लिहा, आणि मूळ पान पुरावा म्हणून जोडा.

दुसरी अडचण भारतातून बघणाऱ्यांना जाणवते. कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली की ती प्रतिमा घरून उघडेलच असं नाही. काही फक्त त्यांच्या केंद्रांत किंवा संलग्न ग्रंथालयांत उघडतात. मृत्यूच्या दाखल्यांसाठी राज्यांची संकेतस्थळंही बघा. मिसूरी राज्य १९१०पासूनचे, पन्नास वर्षं उलटलेले दाखले फुकट दाखवतं आणि त्यात मृत्यूचं कारण लिहिलेलं असतं.

बाळाचं वजन मात्र यातल्या कुठल्याही कागदावर सहसा मिळत नाही. घरात सांगतात ते ‘दोन पौंड’ म्हणजे जेमतेम नऊशे ग्रॅम, आणि तेही शेतमालाच्या काट्यावर तोललेलं असेल तर आकडा अंदाजाचाच. त्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्रॉनिकलिंग अमेरिका हा मोफत वृत्तपत्रसंग्रह गाठा. गावोगावच्या साप्ताहिकांत कुणाकडे बाळ झालं, कुणाचं आजारी आहे, हे छापून येई. बातमीत बाळाचं नाव नसतं, म्हणून वडिलांचं आडनाव आणि गावाचं नाव घालून, जन्मानंतरच्या दोन-तीन महिन्यांचे अंक शोधा.