‘काउच टू फाइव्ह के’: नऊ आठवडे नेम टिकवणारं अ‍ॅप
ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचं हे मोफत अ‍ॅप कधीच न धावलेल्यांसाठी आहे. आठवड्यातून तीन दिवस, एकूण नऊ आठवडे. पहिल्या आठवड्यात 5 मिनिटं भरभर चालायचं, मग 60 सेकंद धावणं आणि 90 सेकंद चालणं, असं आठ वेळा. कधी धावायचं, कधी चालायचं ते कानात सांगितलं जातं, घड्याळ बघावं लागत नाही. नेम टिकतो तो यामुळेच: आजचं काम छोटं आणि ठरलेलं असतं.

खरी कसोटी पाचव्या आठवड्यात. दुसऱ्या दिवशी 8-8 मिनिटांचे दोन टप्पे आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग 20 मिनिटं! इथे घात करतो तो वेग. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, इतकंच हळू धावा. शेजारून चालणारा पुढे गेला तरी जाऊ द्या. जमलं नाही तर तेवढा दिवस पुन्हा करा, पहिल्यापासून सुरुवात नको. मधला विश्रांतीचा दिवस मात्र चुकवू नका, नाहीतर नडग्या भरून येतात.

नाव (म्हणजे ‘सोफ्यावरून 5 किलोमीटरपर्यंत’) थोडं फसवं आहे. शेवटी सलग 30 मिनिटं धावता येतं, पण तेवढ्यात 5 किलोमीटर व्हायला ताशी 10 किलोमीटरचा वेग लागतो. नवख्याला तो सहसा नसतो.